वजन

रुपये आणि टन यांची बेरीज होत नाही,
हे तिसरीतल्या बाईंनी मला चिंचा आणि पेरूंवर शिकवलं होतं.
पीएचडीच्या चौथ्या वर्षी मी तीच बेरीज करते आहे.
ताशी इतक्या रुपयांचा कोळसा,
ताशी इतका टन धूर,
मधे एक गुणक, त्याच्या आधी डब्ल्यू,
शून्य ते एकमधलं कुठलंही वजन.
एक धरलं की फक्त पैसे.
शून्य धरलं की फक्त आकाश.
निमकर मॅडम म्हणतात, अर्धा धर,
अर्ध्यावर परीक्षक काही विचारत नाहीत.

बुधवारी रात्री कोड लावून झोपले.
सहा जनित्रं, बाराशे मेगावॅट मागणी, तारांमधली गळती वेगळी.
आणि गुरुवार विसरले.
पुण्यात राहून गुरुवार विसरले!
साडेदहाला पंखा थांबला.
बॅटरीनं सव्वा तास कळ काढली,
आठशे बाराव्या फेरीला पडदा काळा.

नागनाथदादा खिडकीशी बसला होता.
मावसभाऊ. ससूनमध्ये छाती दाखवायला आलेला,
औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यावर कंत्राटी.
काल त्याला आलेख दाखवला होता,
ठिपक्यांची एक वाकडी ओळ,
जिथं धूर कमी करावा तर खर्च वाढतो
आणि खर्च कमी करावा तर धूर.
"ह्यात आमचा कोन्ता?" त्यानं विचारलं.
मी तिसऱ्या जनित्रावर बोट ठेवलं.
जुनं आहे, म्हटलं, पहिल्यांदा तेच खाली येतं.
तो खोकला. मग हसला.
"म्हंजी तुजं गणित सुटलं की माझी हजरी बुडली."

हे पद माझ्या समीकरणात नाही.
कुठे घालावं तेही कळत नाही,
त्याचं एकक काय?

वीज नाही म्हणून दोघं खाली उतरलो.
तांबट आळीत ठोकठोक चालूच होती,
तिला गुरुवार नसतो.
करडेकाकांनी हंड्याचा बुडखा निखाऱ्यात सारला.
इतका वेळ ठोकून झालाय, मग पुन्हा विस्तवात कशाला?
"ठोकून ठोकून तांबं हट्टी होतं, बाई.
तसंच रेटलं तर तडकतं.
तापवायचं, नरम पडू द्यायचं, मग परत हातोडा."
माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण ह्याच युक्तीवर उभं आहे.
सुरुवातीला तापमान भरपूर ठेवायचं,
वाईट उत्तरसुद्धा अधूनमधून पत्करायचं,
म्हणजे जवळच्या खड्ड्यालाच तळ समजून
गणित तिथं ठाण मांडत नाही.
मग हळूहळू निववायचं.
चाळीस पानं लिहिली मी ह्यावर.
दादा मात्र त्या भट्टीपासून चार पावलं लांब उभा होता,
रुमाल नाकाला,
आणि बोट न लावता हंड्याची किंमत विचारत होता.

संध्याकाळी पाचला दिवे आले.
शेजारच्या सगळ्या घरांतून एकदम "आली!"
फ्रिज थरथरला, पाण्याची मोटर लागली,
कोणाचा तरी मिक्सर.
कुठेतरी कुणीतरी तेवढाच कोळसा
जास्त ढकलला असणार.

रात्री दादानं वाफेचं यंत्र तोंडाला लावलं.
साठ वॅट, मागे चिकटपट्टीवर लिहिलंय.
माझी मागणी पूर्ण मेगावॅटमध्ये असते,
एवढं बारीक त्यात येत नाही.
बरोबरीच्या खुणेच्या उजवीकडे
तो शून्यात गोळा होतो,
पण यंत्र घरघरतंय, आणि वाफ येतेय.
त्यातली थोडी वीज तिसऱ्या जनित्राचीही असेल.

मी कोड उघडला.
डब्ल्यू बरोबर शून्य पूर्णांक पाच होतं, ते पुसलं.
कर्सर लुकलुकतोय.
"झोप की," तो मास्कमधून म्हणाला,
"उद्या शुक्रवार हाय ना, लाईट न्हाई जायची."